‘अनौपचारिक गप्पा’ म्हणून बोलावलं आणि नाल्यात उतरवलं

पर्यावरण शास्त्रज्ञाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आलोय. पाय बोलतायत, डोकं अजून त्या तक्त्यातच आहे, तरी आजच लिहितो. पत्रात शब्द होते ‘अनौपचारिक गप्पा’. असे शब्द दिसले की पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि चिखलात चालतील असे बूट घाला. इस्त्रीच्या पँटमध्ये आलेली मंडळी काठावरच थांबली होती, आणि परीक्षक ते बघत होते.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, सीओडी म्हणजे रसायनाने जवळपास सगळीच घाण जाळायला लागणारा; याहून जास्त इथे सांगत बसत नाही. ते येत नसेल तर अर्जच करू नका.

ओळख, आवड, आधीचं काम, हा भाग मजेत गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

नाल्यावर विचारलं, सांडपाणी इथे मिसळतंय, नमुने कुठून घ्याल? एक वरच्या अंगाला, मिसळण्याच्या आधी. एक खाली, पाणी पूर्ण एकजीव झाल्यावर. पाइपाच्या तोंडाशी घेतलेला नमुना पाइपाबद्दल सांगतो, नाल्याबद्दल नाही. क्रम मात्र उलटा: आधी खालचा, मग वरचा. वरून सुरुवात केलीत तर तुमच्याच पायांनी उडालेला गाळ खालच्या बाटलीत येतो. पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून उभं राहा, बाटलीचं तोंडही तिकडेच. जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली पाण्याने विसळायची नाही. शेजारचा उमेदवार सवयीने विसळायला गेला आणि परीक्षकांचं पेन लगेच चाललं. धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. विरघळलेले धातू हवे असतील तर आधी गाळणी, मग आम्ल. बीओडीच्या बाटलीत आम्ल टाकाल तर ज्यांच्याकडून काम करून घ्यायचंय ते जंतूच मारून टाकाल.

इथवर ठीक. खरी घसरण पुढे आहे. एका बंद खोलीत एक तक्ता हातात देतात आणि म्हणतात, ‘वाचा, काय दिसतं सांगा.’ सगळी मुलाखत त्या एका कागदावर आहे, बाकीचं निव्वळ चालणं.

माझ्या कागदावर एका विहिरीचं नायट्रेट होतं. आधीचे महिने लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास, मग एकदम ४०. शेजारी शेत दाखवलेलं, म्हणजे खताकडे बोट दाखवायची पूर्ण सोय करून ठेवलेली! तळटीप बारीक टायपात: पहिले आकडे ‘नायट्रोजन म्हणून’ (नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन), नंतरचे ‘नायट्रेट म्हणून’ (अख्ख्या नायट्रेटचं). मध्ये प्रयोगशाळा बदललेली. ९ ला ४.४३ ने गुणा, ४० येतात. विहिरीत काहीही बदललेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेची ५० ची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे, नायट्रोजन म्हणून तीच साधारण ११ होते. हे आकडे झोपेतही आले पाहिजेत. आणि तळटीप आधी वाचायची, तक्ता नंतर.

त्याच कागदावर एका नमुन्यात बीओडी सीओडीपेक्षा जास्त. ही चूकच, सरळ तसं सांगा आणि प्रयोगशाळेला फोन करू म्हणा. पण ३० अंश तापमानाच्या तळ्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १४ मिलिग्रॅम दिसला तर घाई नको. त्या तापमानाला संपृक्तता, म्हणजे हवेतून पाण्यात विरघळून राहू शकणारा ऑक्सिजन, साडेसातच्या आसपास असते, म्हणून बहुतेक जण ‘मीटर खराब’ म्हणून मोकळे होतात. भर दुपारी शेवाळाने भरलेल्या तळ्यात ऑक्सिजन असा चढू शकतो. नमुना किती वाजता घेतला आणि मीटर शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं, हे दोन प्रश्न विचारा. मी विचारले, तेव्हा समोरच्या बाई पहिल्यांदा हसल्या. त्या हसण्यावर मी अजून हवेत आहे, तेव्हा माझा सल्ला थोडा बेतानेच घ्या.

पैसे भरून मुलाखतीची तयारी करून घेणारे वर्ग? पैसे पाण्यात. त्यांच्या जाडजूड प्रश्नसंचात हरितगृह वायूंची यादी होती, ओझोन थर होता, ‘तुमचा सर्वांत मोठा दोष सांगा’ होतं. फील्ड ब्लँक (नमुन्यासारखंच हाताळलेलं शुद्ध पाणी) आणि डुप्लिकेट (त्याच जागचा दुसरा नमुना) यांबद्दल एक ओळ नाही. ब्लँकमध्ये जस्त सापडलं तर नमुन्यातल्या जस्ताचं काय करायचं, हे मात्र मला विचारलंच. आकडा गाळायचा नाही, वजाही करायचा नाही. शेरा मारून अहवालात ठेवायचा आणि जस्त कुठून आलं ते शोधायचं.

तयारीला एकच गोष्ट करा: एखादा जुना तपासणी अहवाल मिळवा आणि त्यातल्या चुका लाल पेनने काढा. जुने अहवाल चुकांनी भरलेले असतात, शोधायला फार लागत नाही. कायद्याची कलमं पाठ करणं मागे ठेवा, ती कामावर पुस्तकात बघता येतात.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात. पगार तिथे काढू नका. विचारा, नमुने कोण घेतं आणि अहवालावर सही कोणाची असते. ही दोन वेगळी माणसं असतील आणि त्यांची गाठच पडत नसेल, तर ती नोकरी घेण्याआधी दोनदा विचार करा.