क्रेडिट कार्ड नाही, म्हणून सुई अडली

बावन्न डॉलर भरायला मला एक महिना आणि सहा दिवस लागले. पैसे खात्यात होते, वस्तू दुकानात होती. दुकान परदेशात होतं आणि माझ्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, एवढाच काय तो गुन्हा.

वस्तू म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची सुई. जुनी झिजली. मुंबईच्या चोरबाजारातून दोनदा आणून बघितली, दोन्ही वेळा गाण्यातला प्रत्येक ‘स’ फाटून ‘श्श’ ऐकू यायला लागला. नेमक्या माझ्या मॉडेलची सुई परदेशातला एक दुकानदार ऑनलाइन विकतो असं कळलं. सुई अडतीस डॉलर, टपाल चौदा.

क्रेडिट कार्ड मी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. वाण्याच्या वहीत वडिलांचं नाव बघत वाढलो, एवढं कारण पुरे. देशातल्या देशात त्यावाचून काही अडत नाही. युपीआय आहे, नेटबँकिंग आहे, डेबिट कार्ड आहे, दारात रोख देता येते. पैसे गेले आणि ऑर्डर लागलीच नाही असं माझं दोनदा झालं, दोन्ही वेळा ते आपोआप परत आले. येणारच. ऑनलाइन खरेदीत खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानापर्यंत पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत आणि पुढे उशिराच्या दर दिवसाला शंभर रुपये ग्राहकाला मिळायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. तेव्हा घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट तेवढा ठेवा.

पण परदेशी दुकानाच्या पानावर युपीआय नव्हतं. आयफेल टॉवरचं तिकीट युपीआयवर काढता येतं हे मी पेपरात वाचलं होतं, पण सुईवाल्यापर्यंत ती बातमी पोचलेली दिसली नाही. तिथे व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्सप्रेस एवढीच चित्रं. माझं डेबिट कार्ड रुपेचं. रुपेची परदेशात चालणारी कार्डंही असतात, माझं मात्र साधं, देशापुरतं. नंबर टाकला तर पानाने तो कार्डाचा नंबर आहे हेच मान्य केलं नाही.

मग शाखेत गेलो. व्हिसाचं डेबिट कार्ड हवंय म्हटलं, फॉर्म भरला, दहा दिवसांत कार्ड घरी आलं. एटीएममध्ये जाऊन पिन बनवला. हे सगळं इतकं सुरळीत झालं की मी बायकोला म्हटलं, उगाच लोक बँकेला नावं ठेवतात.

त्याच रात्री कार्ड वापरलं आणि ‘तुमच्या बँकेने व्यवहार नाकारला’ असं उत्तर आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. (तिसऱ्यांदा करू नका. लागोपाठ नकार आले की काही ठिकाणी कार्ड तात्पुरतं अडकवून ठेवतात.) बँकेचं ॲप उघडून शोधाशोध केली तेव्हा ‘कार्ड नियंत्रण’ नावाच्या पानावर चार स्विच सापडले. देशात ऑनलाइन, देशात दुकानात, परदेशी ऑनलाइन, परदेशी दुकानात. तिसरा बंद होता. तो सरकवला की हिरवा व्हायचा, एक चकती फिरायची आणि तो आपणहून परत करडा होऊन बसायचा. खाली बारीक अक्षरात: ‘शाखेशी संपर्क साधा’.

इथून पुढचे चोवीस दिवस त्या स्विचचे.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. माझं ऐकून तिने पहिलाच प्रश्न टाकला, “काका, परदेशी चाललात का?” (काका! मला अजून पंचावन्न पूर्ण नाहीत.) मी म्हटलं, “मी नाही चाललो, माझे पैसे चाललेत.” ती हसली नाही. म्हणाली, परदेशी वापर चालू करायचा तर पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स लागेल. मी म्हटलं, व्हिसा तर कार्डावर छापलाय की. तेव्हाही ती हसली नाही. मग तिने आवाज खाली आणून सांगितलं, “त्यापेक्षा क्रेडिट कार्डच घ्या ना काका. लाइफटाइम फ्री आहे. त्याला काही प्रॉब्लेम येत नाही.”

घरी येऊन मी वाचायला बसलो. रिझर्व्ह बँकेचं १५ जानेवारी २०२० चं परिपत्रक आहे. त्यात म्हटलंय की नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल असंच द्यायचं. ऑनलाइन वापर, परदेशी वापर हे ग्राहकाने हवं तेव्हा चालू करायचं आणि हवं तेव्हा बंद करायचं. त्यासाठीची सोय दिवसाचे चोवीस तास, ॲप, नेटबँकिंग, एटीएम, फोन अशा निरनिराळ्या वाटांनी बँकेने द्यायची. म्हणजे स्विच बंद असणं ही चूक नव्हे, तो सुरक्षेचा नियम आहे आणि चांगला आहे. मात्र तो उघडायचा की नाही हे मी ठरवायचं, काउंटरने नाही. पासपोर्टचा त्यात कुठे उल्लेख नाही.

परिपत्रक छापून नेलं. मुलीने ते न वाचता परत सरकवलं. “आमच्याकडे पण येतात काका हे पेपर.” आतल्या केबिनमधल्या साहेबांकडे गेलो. ते सज्जन होते, त्यांनी खुर्ची दिली, संगणकात बघितलं आणि म्हणाले, “इथून तर ऑन दिसतंय. तुमच्या मोबाइलचा प्रॉब्लेम असेल.” मोबाइल बंद करून चालू केला. ॲप काढून परत टाकलं. स्विच करडाच. साहेब म्हणाले, दोन दिवस बघा, सर्व्हरला वेळ लागतो. उठताना त्यांनीही मला एक रंगीत पत्रक दिलं. क्रेडिट कार्डाचं. मुदत ठेवीवर मिळणारं, म्हणजे म्हणे उधारी वाटणारच नाही.

दोन दिवसांचे सहा झाले. घरचे तोवर कंटाळले होते. बायको म्हणाली, पोराच्या कार्डावरून भरून टाका आणि त्याला जीपे करा, संपला विषय. पोरगा म्हणजे माझा भाचा. त्याचाही फोन आला, “मामा, दोन मिनिटांचं काम आहे, कशाला हट्ट करतोस?” खरं तर तुम्ही हेच करा. सगळ्यात सोपा मार्ग तोच आहे आणि ज्याला सुई हवी आहे त्याने तोच धरावा. मला एव्हाना सुईपेक्षा तो स्विच हवा होता.

तिसऱ्या खेपेला एक शहाणपण केलं. तोंडी बोलणं बंद. एका पानावर तारखांसकट सगळं लिहिलं, दोन प्रती काढल्या आणि एका प्रतीवर शिक्का-सहीची पोच मागितली. पोच म्हटल्यावर काउंटरमागची हवा बदलते, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हे त्यांनाही माहीत असतं. माझ्यावर ती वेळ आली नाही. पण पोच पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती, म्हणजे तीस दिवस तेव्हापासून मोजता आले असते.

उत्तर शेवटी शाखेतून आलंच नाही. रात्री पावणेदहाला मी ग्राहक सेवेला फोन लावला, चाळीस मिनिटं एकच धून ऐकली आणि पलीकडून एका मुलाने अर्ध्या मिनिटात सांगितलं, “सर, तुमचं पॅन व्हेरिफाय झालेलं नाहीये. त्याशिवाय परदेशी वापर ऑन होणार नाही.”

आता हे पॅनचं प्रकरण. डेबिट कार्डाने परदेशी दुकानात भरलेले पैसे हे परदेशी पाठवलेले पैसे म्हणून धरले जातात. एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्याच योजनेत हे मोजतात आणि त्या योजनेला पॅन सक्तीचं आहे. (वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेलात तर त्यावर आगाऊ कर कापतात, पण ते वाचक वेगळे.) माझे बावन्न डॉलर त्या अडीच लाखांच्या रांगेत उभे होते आणि ओळखपत्रावरून अडले होते.

सकाळी शाखा उघडायच्या आधी दारात. मुलगी म्हणाली, “पॅन आहे की काका सिस्टीममध्ये,” आणि तिने अक्षरं वाचून दाखवली. मी पाचव्या अक्षराला थांबवलं. ती म्हणाली, “बी.” मी म्हटलं, “माझं आडनाव डीवरून सुरू होतं.” तिला कळेना. पॅनची रचना मला माहीत आहे याचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. माणसाच्या पॅनमध्ये चौथं अक्षर नेहमी ‘पी’ असतं आणि पाचवं त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. माझ्या नंबरात पाचव्या जागी ‘बी’ असूच शकत नाही. कधीतरी कुणीतरी झेरॉक्सवरचा ‘डी’ ‘बी’ वाचला आणि तसाच टंकला. कार्डाची झेरॉक्स मी या शाखेत आजवर निदान चार वेळा दिली असेल. चारही फायलीत होत्या, संगणकात एकही पोचली नव्हती.

मुलगी खरंच ओशाळली. माहिती दुरुस्तीचा फॉर्म तिनेच भरून दिला, मी पाचवी झेरॉक्स स्वतः सही करून जोडली. सात कामकाजाचे दिवस म्हणाले, नऊ लागले. दहाव्या दिवशी सकाळी स्विच सरकवला, चकती फिरली आणि तो हिरवाच राहिला. मी तो मुद्दाम तीनदा बंद-चालू करून बघितला.

पैसे भरणं मग दोन मिनिटांचं. त्यात एक धक्का बसला तो सांगतो. ओटीपी आलाच नाही. नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, की पैसे गेले. देशात प्रत्येक ऑनलाइन खरेदीला ओटीपीची सवय असते, परदेशी दुकान तो विचारेलच असं नाही. म्हणून स्विचच्या खाली जी मर्यादा ठरवता येते ती आधी खाली आणा. माझी मूळची पन्नास हजार होती, मी पाच केली. आणि काम झालं की स्विच बंद. न केलेला व्यवहार खात्यात दिसला तर त्याच दिवशी बँकेला कळवा. चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काही बोजा येत नाही.

पानावर ‘रुपयांत भरा’ असंही एक बटण होतं. आपल्या पैशात दिसतं म्हणून बरं वाटतं, पण तो दर दुकानाच्या बाजूचा असतो आणि बहुधा महाग पडतो. डॉलरच ठेवा. डॉलरवरही बँक आपला हात मारतेच. माझ्या बँकेने साडेतीन टक्के घेतले आणि त्या साडेतीन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी. शिवाय आज अडकवलेली रक्कम आणि दोन-तीन दिवसांनी प्रत्यक्ष कापलेली रक्कम यांत थोडा फरक पडतो, कारण दर बदलतो. खात्यात नेमके तेवढेच पैसे ठेवून व्यवहार करू नका.

गिफ्ट कार्डाचा मार्ग मला एकाने सुचवला होता. तो मोठ्या दुकानांपुरता, ज्याचं कार्ड त्याच्याकडेच चालतं. सुई विकणारा माणूस गिफ्ट कार्डं छापत नाही. दर महिन्याला परदेशी वर्गणी भरायची असेल तर आणखी एक गोष्ट आधी तपासा. आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचे आपल्याकडचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झालेत आणि ते न पाळणाऱ्या दुकानाचा हप्ता बँक नाकारते. त्यापेक्षा वर्षाची वर्गणी एकदम भरलेली बरी.

आणि हो, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: बँकेत जायच्या आधी आपल्या प्राप्तिकराच्या खात्यात जाऊन बँकेने दिलेलं व्याज तिथे दिसतंय का बघा. दिसत नसेल तर बँकेकडे तुमचं पॅन चुकीचं असू शकतं. माझं कित्येक वर्षं दिसत नव्हतं. मी समजायचो, रक्कम किरकोळ म्हणून नसेल दाखवत. ते व्याज त्या ‘बी’वाल्याच्या नावावर जात होतं की कुणाच्याच नाही, हे शाखेत अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

सुई तीन आठवड्यांनी आली. हिऱ्याच्या टोकाची आहे, पाचशे ते हजार तास चालते म्हणतात. रोज तासभर रेकॉर्ड लावली तरी निदान सव्वा वर्ष त्या काउंटरचं तोंड बघायला नको.