मुका मार आणि आंबेहळद

काल माळ्यावरून डबा काढताना स्टुलावरून घसरले. हाड शाबूत, पण नडगीवर हे एवढं काळंनिळं टेंगूळ! काल दिवसभर फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं धरला. सासूबाईंना ते काही पटेना. आज दुपारी त्यांनी सहाण काढली, आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळलं, पळीत कोमट करून लेप चोपडला. कैरीचा वास घरभर! वाळला तशी कातडी ओढायला लागली, ठणका मात्र कमी वाटला. हळदीने की त्यांच्या हाताने, देव जाणे. (कातडी फुटलेली असती तर मी लावू दिला नसता, हेही सांगते.) आता नव्या चादरीवर लालपिवळे डाग पडलेत, आणि बोलणी मलाच!