मावशींचा पीएफ काढताना आलेला माझा अनुभव

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, बाबांच्या मागे मी बघते. पंचवीसेक बायका कामाला, बहुतेक सोलायला आणि ग्रेडिंगला. शनिवारी उजेड असेपर्यंत पगार हातात द्यायचा ही बाबांची शिस्त, कारण बायबलात अनुवाद 24:15 मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या असं सांगितलंय. मला वाटायचं आपण एवढं पाळतो म्हणजे आपलं चुकत नाही.

मग सोलाईतल्या एक मावशी 58 वर्षं पूर्ण झाली म्हणून थांबल्या. आठ वर्षांचा पीएफ, फॉर्म 19 (पीएफ काढायचा) आणि 10सी (पेन्शनच्या भागाचा) ऑनलाइन भरायचे, पावसाआधी त्यांना घर शाकारायचं होतं. क्लेम रिजेक्ट. का, तर पीएफला माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, आणि ते माहेरचं नाव आमच्याच रजिस्टरवरून गेलेलं, कारण कारखान्यात सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारायचे. चूक आमची, पैसे त्यांचे.

जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे नाव दुरुस्तीचा दोघांनी मिळून करायचा अर्ज, केलं, माझी आणि त्यांची सही. परत आलं, लग्नाचा पुरावा नाही. लग्नाला 38 वर्षं झालेली, नोंद कुठून असणार? परत पाठवलं तर सही जुळत नाही म्हणून आलं. मावशींची बोटं बघा, टरफलाच्या तेलाने कातडी सोलवटलेली, सही दरवेळी सारखी येणार कशी? त्यानंतर दीड महिना काहीच उत्तर नाही. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". त्या दिवसांत चर्चमध्ये मिस्सेला बसले तरी बायबलातलं याकोब 5:4 डोक्यातून जात नव्हतं, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते देवाच्या कानी जातं.

शेवटी वैतागून मी माझ्याकडचे पैसे पुढे केले. मावशी म्हणाल्या, "बाय, माका तुझे पैशे नको, माझे माका दी." माझा चेहरा उतरला, पण त्यांचंच बरोबर होतं. कलस्सै 4:1 मध्ये धन्याला न्यायाने वागायला सांगितलंय, उपकार करायला नाही.

मार्ग ग्रामसेवकाकडे निघाला. जुन्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत आताही होते, तीन साक्षीदार लागतात. लग्न लावणारे भटजी वारलेले, म्हणून अ‍ॅफिडेव्हिट केलं. एक साक्षीदार मी. मावशींचे यजमान इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मावशींनी अबोली माळली होती. तो दाखला लावल्यावर डिक्लेरेशन पास झालं.

हां, आणि बँक पासबुकवरचा आयएफएससी (शाखेचा कोड) आधी तपासा, बँका मर्ज झाल्यात, आमचा एक क्लेम त्यातही गेला. कामावर घेतानाच आधार समोर ठेवून नाव लिहा, हाक मारायचं नाव लिहू नका. ई-नॉमिनेशनही (वारसाची ऑनलाइन नोंद) तेव्हाच करून घ्या. मी सगळ्या बायकांचे यूएएन (पीएफचा नंबर) आणि आधार शेजारी ठेवून तपासले, आणखी चौघींचं जुळत नव्हतं, त्यांचं लगेच सुरू केलं.

पैसे आले तेव्हा नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. तो पावसाळा मावशींनी ताडपत्रीखाली काढला, घर दिवाळीनंतर शाकारलं.