सिंकखालचा छोटा बंब

आमच्या पुण्याच्या घरात गिझर न्हाणीघरात आहे आणि स्वयंपाकघरातील सिंक घराच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या लांब पाईपातील गार पाणी निघून जाईपर्यंत नळ सोडून ठेवावा लागतो, आणि डिसेंबरातील सकाळी तेवढ्या पाण्याखाली संधिवाताने आखडलेली बोटे धरून उभी राहणारी आई मला पाहवत नसे. म्हणून सिंकखालच्या कपाटात मावेल असा छोटा हीटर स्वतः बनवायचे मी ठरवले. इमारतीला प्रेशर पंप असल्यामुळे नळाला सुमारे ३ किलोचा दाब मिळतो, आणि गरम पाणीही त्याच दाबाने यावे अशी माझी अट होती.

पहिला विचार सरळ होता. स्टीलची १५ लिटरची टाकी घ्यायची, तिला झाकण वेल्ड करून घ्यायचे, आत एलिमेंट बसवायचे आणि गार पाण्याची लाईन जोडायची. त्यासाठी मी फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या काकांनी काम हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, “झाकणावर भार किती येईल, ते काढलंत का?” मी काढला नव्हता. घरी येऊन हिशेब केला. झाकणाचा व्यास २५ सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटीमीटर, आणि प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ३ किलो. एकूण जवळजवळ दीड टन. एवढा भार पेलणारी टाकी कारखान्यात तपासून घेतलेलीच असावी, ती घरी बनवण्याची वस्तू नव्हे, हे मला तेव्हा पटले आणि ती कल्पना मी सोडून दिली.

उत्तर आजोळच्या तांब्याच्या बंबाने सुचवले. वरून गार पाणी ओतावे आणि तोटीतून तेवढेच गरम पाणी यावे, अशी त्याची रचना. तो वरून उघडा असल्यामुळे त्यात दाब कधी साठतच नाही. मग टाकी बंबासारखी उघडी ठेवावी आणि नळाचे दाबाखालचे पाणी फक्त तिच्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून न्यावे, असे मी ठरवले. आतील दाबामुळे भिंतीवर येणारा ताण व्यासाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या अर्ध्या इंची पाईपावर २५ सेंटीमीटरच्या टाकीच्या सुमारे विसावा हिस्सा ताण येतो.

वेटोळ्यासाठी एसीवाले वापरतात तो मऊ तांब्याचा पाईप ८ मीटर घेतला. पहिल्या खेपेला तो तिसऱ्याच वळणावर चेपला आणि तेवढा तुकडा वाया गेला. दुसऱ्या खेपेला पाईपात चाळलेली कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडे लाकडी खुंट्यांनी बंद केली आणि सहा इंची पीव्हीसी पाईपाच्या तुकड्याभोवती तो सावकाश गुंडाळला. वळणे एकसारखी गोल आली, मात्र वाळू काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. पाईप ठोकायचा, उलटा करायचा, पाणी सोडायचे, आणि पाणी निर्मळ येते आहे असे वाटावे तोच पुन्हा चिमूटभर वाळू यायची. त्यानंतर प्लंबरकडच्या हातपंपाने वेटोळ्याला १० किलो दाब देऊन तासभर ठेवले. काटा हलला नाही.

टाकीत १५०० वॅटचे एलिमेंट आहे आणि थर्मोस्टॅट ७५ अंशांवर लावला आहे. २० अंशांचे पाणी तिथवर जायला जवळजवळ चाळीस मिनिटे लागतात, आणि त्यानंतर भांड्यांसाठी पुरेसे कोमट पाणी चौदा-पंधरा लिटर मिळते. थर्मोस्टॅट बिघडला तर वीज तोडणारा वेगळा कटआउट आणि पाणी कमी झाल्यास हीटर बंद करणारा फ्लोट, या दोन्ही गोष्टी मी अत्यावश्यक मानतो. अर्थिंग, १६ अँपिअरची जोडणी आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतले. टाकीतील वाफ बाहेर सोडणारी नळी कायम उघडी असते. ती कोणी बुजवली तर या रचनेचा सारा अर्थच संपतो.

एक धोका मात्र मला आधी सुचला नव्हता. नळ बंद असताना वेटोळ्यातील पाणीही टाकीइतकेच तापते, त्यामुळे नळ उघडताच येणारे पहिले पाऊण लिटर पाणी हात भाजवू शकते. म्हणून बाहेर पडणाऱ्या लाईनवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम पाण्यात हवे तेवढे गार पाणी आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह, बसवून तो ४५ अंशांवर ठेवला. शिवाय तापताना ते पाणी थोडे प्रसरण पावते आणि पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही. त्यासाठी वेटोळ्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, मध्ये कोणताही कॉक न लावता, आणि त्याची नळी सांडपाण्याच्या तोंडावर दिसेल अशी सोडली आहे.

टाकीतील पाणी तेच ते राहते, म्हणून एलिमेंटवर फारसे क्षार चढत नाहीत. वेटोळ्यात मात्र ते बसणारच, आणि वर्षातून एकदा लिंबाच्या सत्त्वाचे पाणी फिरवून ते काढण्याचा माझा बेत आहे. वाफेवाटे टाकीतले पाणी हळूहळू कमी होते, म्हणून बाहेर एक पारदर्शक नळी लावून तिच्यावर लाल खूण केली आहे. आई भांडी घासायला उभी राहण्यापूर्वी कपाटाचे दार उघडून ती खूण बघते आणि मला हाक मारते, “पाणी खाली गेलंय रे, तांब्याभर घाल.”