गाडी आडवी झाली, आरसा फिरला: नक्की वाकलं काय?

उभी गाडी साइड स्टँडवरून आडवी झाली की आरसा आकाशाकडे बघायला लागतो. लोक तो तसाच धरून जोरात मागे ओढतात. ते करू नका. आरशाची दांडी वीतभर लांब असते आणि तिचा सगळा जोर खालच्या १० मिमीच्या आट्यांवर येतो. पोलादी दांडी तो सहन करते. ती ज्यात बसते तो भाग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि तो वाकण्याऐवजी तडकतो.

आधी निदान. शक्यता तीन: क्लचचा योक (क्लचचा लिव्हर धरणारा, हँडलवर आवळलेला भाग) किंवा ब्रेकचा मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या लिव्हरजवळचा, ब्रेक ऑइल असलेला भाग) हँडलवर फिरलाय, दांडी वाकलीय, किंवा आरसा बसतो तो आट्यांचा बॉस (त्याच ओतीव भागावरचा, आतून आटे असलेला उंचवटा) गेलाय.

योकची फट हँडलवर ठोकलेल्या ठिपक्याच्या (पंचच्या) खुणेसमोर आहे का ते बघा. नसेल तर तो फिरलाय. लिव्हरही वर किंवा खाली गेलेला दिसेल. यात दुरुस्ती अशी काही नाही. १० च्या पान्याने क्लॅम्पचे दोन्ही बोल्ट सैल करा, खूण जुळवा, परत आवळा. मास्टर सिलिंडरच्या क्लॅम्पवर बऱ्याचदा बाण किंवा ‘अप’ असं कोरलेलं असतं. ते वर ठेवायचं, आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळायचा, मग खालचा; फट खालच्या बाजूला राहिली तरी चालते. एम ६ च्या (६ मिमी जाडीच्या) बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. लांब पाना लावून त्याहून आवळलं की क्लॅम्पचे आटे निघून येतात.

दांडी वाकली असेल तर ती सहसा तळाशी पाना लावायच्या षटकोनाच्या जरा वर वाकते. रबरी टोपी वर सरकवा, १४ चा पाना लावून चेकनट (आरसा फिरू नये म्हणून आवळलेला नट) सैल करा आणि आरसा काढा. काही मॉडेलांत वरच्या चेकनटला उलटे आटे असतात, त्यामुळे हलला नाही तर जोर वाढवण्याआधी दुसऱ्या दिशेने बघा. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत तर उजव्या आरशाचे आटेच उलटे असतात. समोरून धक्का बसला की आरसा आवळला न जाता सैल व्हावा, असा त्यातला हिशेब. अशा गाडीवर नेहमीच्या दिशेने जोर लावला तर आपण आरसा आणखी आवळतच बसतो.

काढलेल्या दांडीचा षटकोन व्हाइसमध्ये धरा. जबड्यांत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. दांडीवर सैलसर बसेल असा पाइप चढवा आणि हळूहळू, एकाच दिशेने ओढा. पुढे-मागे करत राहिलात तर पोलाद कडक होऊन तिथेच तुटेल. क्रोम किंवा रंग थोडा उडणारच, तिथे प्रायमर मारा नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरेल. दांडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवी घ्या. शेवटी आट्यांवर योग्य नट हाताने फिरवून बघा. मध्येच अडला तर आट्यांचा भागच वाकलाय आणि अशी दांडी परत वापरायची नाही. आट्याच्या तळाशी चीर सुरू झालेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही.

आता बॉस. तो पुसून कोरडा करा, रॉकेल किंवा डिझेल लावा, पाच मिनिटांनी पुसा आणि वर खडूची पूड घासा. चीर असेल तर तेलाची बारीक रेघ उमटते. रेघ दिसली की योक बदला. आर्गन वेल्डिंगने सांधता येतो हे खरं, पण ओतकामात अडकलेली घाण वेल्ड धड बसू देत नाही, आणि साधा योक स्वस्तात मिळत असताना ती मजुरी कशाला? मास्टर सिलिंडरला तर वेल्डिंगची उष्णता अजिबात देऊ नका, आतले रबर सील जातात. तिथे आधी बघा की बॉस सिलिंडरच्या अंगावर आहे की सुट्या क्लॅम्पवर. क्लॅम्पवर असेल तर फक्त क्लॅम्प बदलून भागतं.

चीर नाही, नुसते आटे चुरगळलेत, तर एम १० × १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवा: अर्धा फेरा पुढे, पाव मागे. बहुतेक मोटरसायकलींना हाच माप लागतो. काही छोट्या गाड्यांना ८ मिमी. हार्डवेअरच्या दुकानातला १० चा बोल्ट मात्र बहुधा १.५ पिचचा, म्हणजे दोन आट्यांत १.५ मिमी अंतराचा असतो. तो दोन फेरे जातो, मग घट्ट होतो, आणि इथेच पान्याने रेटून चांगले आटे मारले जातात.

आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी. योक हँडलवरून काढून, १०.४ मिमीचं ड्रिल सरळ मारून, हेलिकॉइलचाच टॅप चालवून १५ मिमीची कॉइल बसवायची. टॅपनंतर बॉसची भिंत २ मिमीहून पातळ राहणार असेल तर हा उद्योग नको; हँडलवर आवळायचा २२ मिमीचा वेगळा आरसा-क्लॅम्प घ्या.

बसवताना आट्यांना चिमूटभर ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे बोटांनीच द्या. मग हँडल दोन्ही टोकांना वळवून आरसा टाकीला किंवा फेअरिंगला लागत नाही ना, वायर ताणली जात नाही ना हे बघा. थ्रॉटल सोडल्यावर झटकन परत आला पाहिजे. ब्रेक लिव्हर दाबून दिवा लागतो का तपासा, आणि लिव्हर मऊ लागला तर आडवी पडताना हवा शिरलीय असं समजून ब्रेक ब्लीड केल्याशिवाय (आतली हवा काढल्याशिवाय) गाडी रस्त्यावर काढू नका. टाकीवर ब्रेक ऑइल सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.