निळा तंतू

खानापूर तालुक्यात फायबरच्या लाइनी जोडायचं माझं काम. कणकुंबीच्या डोंगरातून येणारी मलप्रभा जुलैत फुगली की आमच्या जिवाला उसंत नसते. खांब कलतात, झाडं तारांवर पडतात, आणि रस्त्याचं काम चालू असेल तर जेसीबीच्या दातात केबल सापडते.

त्या दिवशी सकाळी साडेसहालाच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. "मावशी रात्री प्रभूत निजल्या. अकराला उपासना, मग माती. कुवेतहून लेक बघणार आहे, पण घरातलं वायफाय गेलंय. बघ की रे काय होतंय."

ते गाव रानाच्या कडेला आहे. मोबाइलला रेंज हवी तर देवळामागच्या टेकावर चढावं लागतं. घरात असलेला आधार म्हणजे आमची लाइन. लेक तिकडे नर्स आहे. रजा मिळाली होती, पण वेळेत पोचवील असं विमान मिळालं नव्हतं.

मावशी आमच्या मंडळीतल्या. माझ्या घरापासून त्यांचं घर दोन किलोमीटर. ईस्टरपासून त्या अंथरुणाला खिळून आहेत हे मला ठाऊक होतं. मी रोज सकाळी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मोबाइलवर बायबलमधलं वचन पाठवतो, मावशींनाही पाठवायचो. त्याखाली दोन निळ्या खुणा दिसल्या की भेट झाल्यासारखं वाटायचं. प्रत्यक्षात चार महिन्यांत मी त्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता.

केबल तुटलेली जागा सापडायला तासभर गेला. रस्त्याच्या कडेला ताजी चर होती, तिच्यात पाणी आणि काळ्या केबलचं फाटकं टोक. जेसीबीचा ड्रायव्हर पोरगेलाच होता. "तप्पायतु अण्णा," चूक झाली, एवढंच कन्नडमध्ये म्हणाला. पण मयतीचं घर आहे म्हटल्यावर त्याने कुठूनशी ताडपत्री आणली आणि काम संपेपर्यंत माझ्या डोक्यावर धरून उभा राहिला. स्वतः पार भिजला.

केबलचं कवच सोललं, आतली चिकट जेली पुसली, की बारा रंगांचे बारा तंतू हाती येतात. मावशींच्या गावाची लाइन निळ्यावर होती. तंतूची जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे केसाएवढी, आणि प्रकाश धावतो तो आतला गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. तंतू स्पिरिटने पुसायचा, क्लीव्हरने सरळ छाटायचा, दोन्ही टोकं मशिनमध्ये ठेवायची. पडद्यावर ती दोन टोकं मोठी होऊन एकमेकांकडे सरकताना दिसतात, मग एक ठिणगी पडते आणि काच काचेला मिळते. पावसात हे अवघड. दमट हवा, हातांना कापरं. पहिले दोन जोड फुकट गेले. तिसऱ्या वेळी लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा प्रकाश, 0.02 डेसिबल आला, नगण्यच. त्यावर स्लीव्ह सरकवून गरम केली तेव्हा पावणेअकरा झाले होते.

मावशींच्या घरी पोचलो तर राउटरवरचा लाल दिवा गेला होता. पेटी ओसरीत, अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, पाऊस थोडा थांबलेला. काकांच्या फोनवर लेक आधीच आलेली होती. ड्यूटीच्याच कपड्यांत असावी. पुतणीने फोन पेटीसमोर धरला होता.

गीत झालं, प्रार्थना झाली. मग लेक म्हणाली, "आईला बघितलं. आता फोन लोकांकडे फिरवा. कोण कोण आलंय ते बघायचंय मला."

पुतणीचा हात थरथरत होता म्हणून फोन मी घेतला आणि एकेका खुर्चीपाशी जाऊन थांबू लागलो. ती एकेकाचं नाव घेत गेली. "अक्का, तुम्ही आलात." "मामा, गुडघा कसा आहे?" शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अज्जींशी ती कन्नडमध्ये बोलली, त्या पदरात तोंड लपवून रडल्या. चाळीसेक माणसं असतील, तिने एकालाही सोडलं नाही. पाळकसाहेब पुस्तक मिटून शांत उभे राहिले.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आम्ही उपासनेत सहसा वाचत नाही, कारण त्यात बहुतेक नावंच आहेत. याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. त्यातच मधे तर्तिय, ज्याने पौलाचं सांगणं ऐकून ते पत्र लिहून काढलं, तोही एका ओळीत स्वतःचा सलाम घालतो. अंगणात फोन धरून फिरताना मला तो अध्याय पहिल्यांदा समजला. फोनमुळे माणसं तुटली असं लोक म्हणतात, मीही म्हणतो. पण इतक्या माणसांना इतक्या जवळून भेटलेलं कोणी मी त्या दिवशी पाहिलं नाही, आणि ती तर समुद्रापलीकडे होती.

शेवटी पुतणीने सांगितलं, फोन धरलाय तो कोण ते. तेव्हा लेक म्हणाली, "दादा, वचन पाठवता ते तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं.

"आईला मोतीबिंदू. सूर्योदयाच्या चित्रावर बारीक पांढरी अक्षरं असायची, तिला ती दिसायची नाहीत. तुमचा मेसेज उघडायची आणि तसाच मला पाठवायची. तुमच्याकडे साडेसात वाजले की इथे पाच. मी ड्यूटीला जायच्या आधी फोन लावून तिला ते वाचून दाखवायची. चार महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. काही दिवस तेवढंच बोलायची."

म्हणजे माझं वचन माझ्या घरातून कुवेतला जात होतं आणि तिथून फिरून दोन किलोमीटरवरच्या मावशींच्या कानी पडत होतं. सायकलवरून गेलो असतो तरी दहा मिनिटं. मी मान खाली घातली.

"आजचं आलं नाही," ती म्हणाली.

सकाळच्या धावपळीत राहून गेलं होतं. मी माझा फोन काढला. त्या दिवसासाठी काढून ठेवलेलं 121वं स्तोत्र होतं, डोंगरांकडे दृष्टी लावणारं. ती दिसत होती तो फोन काकांच्या हातात दिला आणि पेटीशेजारी उभा राहून वाचायला लागलो. घसा दाटला होता, आवाज फुटेना.

"जरा मोठ्याने, दादा," ती म्हणाली. "आईला कमी ऐकू..." आणि थांबली.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतलं, मोठ्याने.