देवबागची कादंबरी: आठवं प्रकरण हातावेगळं

किशोर कादंबरीचा दुसरा खर्डा आठव्या प्रकरणापर्यंत आला. या टप्प्यात बहुतेक काम तन्मयच्या मित्रांवर झालं, म्हणून ही नोंद त्यांची.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: तन्मय बारा वर्षांचा, चाकरमान्याचा मुलगा. मुंबईची खोली सुटल्यावर आजोबांकडे मालवणजवळच्या देवबागला राहायला आलेला. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. पाण्याला भिणाऱ्या मुलाने इथे पाठ फिरवली तरी समोर पाणीच येतं. गाव त्यासाठीच निवडलं.

सायली आणि इमरान हे त्याचे गावातले मित्र आता त्याला धीर देणारं फारसं काही बोलत नाहीत. 'तुका जमतला' हे वाक्य अख्ख्या खर्ड्यात एकदाच ठेवलंय. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला हे जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्याला करताना पाहिल्याने, कुणी समजावल्याने आणि त्या वेळी शरीर-मन कसं आहे त्यावरून. त्यात स्वतः केलेलं सगळ्यांत भारी. किशोरकथांमधले मित्र बहुधा तिसऱ्याच वाटेवर अडकतात, नुसते समजावत राहतात. मित्राचं खरं काम करायला जागा देण्याचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

सातव्या प्रकरणातल्या रापणीने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेल्या मासेमारीने, ती जागा दिली. होडी दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून निघते, अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणते. मग दोन्हीकडून माणसं ओढू लागतात आणि जाळं जवळ येईल तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. एक बाजू ढिली पडली की जाळं तिरकं येतं. एकट्याच्या शौर्याचा इथे काही उपयोग नाही.

सायली त्याला आधी कोरड्या रेतीत बोलावते. "दोर गुंडाळूक कोण नाय हा, तू ये." एवढंच. ओल्या दोराची रेती तळव्यांना खरचटत असते, पण गुंडाळी वाढत जाते आणि मागून कुणीतरी "बेगीन रे!" म्हणून ओरडतं, म्हणजे त्याच्यावाचून काम अडतंय. पुढच्या ओढीला ती त्याला रांगेत घेते आणि स्वतः लाटेच्या बाजूला उभी राहते. यावर ती काही बोलत नाही, मीही निवेदनात काही बोललो नाही. वाचणाऱ्या मुलांना ते दिसेल याची मला खात्री आहे. शेवटी म्हातारा रापणकार त्याच्या पिशवीत बांगडे टाकतो. "ह्यो तुझो वाटो." कौतुकापेक्षा हा वाटा मोठा, कारण ओढणाऱ्यालाच तो मिळतो.

इमरानचं काम वेगळं. तोही पूर्वी खोल पाण्याला घाबरायचा, हे आठव्या प्रकरणात सहज बोलता बोलता कळतं. उपदेश नाही, तो नुसता होडीवरून उडी मारतो आणि वर येऊन नाक शिंकरतो. तन्मय बघत राहतो.

शेवटच्या प्रसंगाबद्दल खर्डा वाचणाऱ्या दोघांनी सुचवलं होतं की नायकाला तिथे एकटं पाड. खूप विचार केला आणि नाही म्हटलं. ओहोटीला कर्लीच्या मुखाशी पाण्याला ओढ असते. तिथे तन्मय कमरेला दोर बांधून उतरेल आणि दोराचं दुसरं टोक सायली आणि इमरानच्या हातात असेल. निर्णय त्याचा, पाऊल त्याचं, पण दोर तिघांचा. रापणीत वाढलेल्या गावाची गोष्ट अशीच संपायला हवी.

आता नववं प्रकरण. त्यात सायली खचते आणि तन्मयला तिच्यासाठी काहीतरी करावं लागतं, कारण मैत्री एकाच बाजूने चालली तर तो कायम आधार घेणाराच राहील. जून-जुलैच्या मासेमारी बंदीच्या दिवसांत हा भाग घडतो: होड्या वर ओढलेल्या, घरात पैसा कमी, तिच्या शाळेचा प्रश्न. पहिला प्रसंग लिहून झालाय, पण त्यात तन्मय फार शहाण्यासारखा बोलतो. तो संवाद काढून त्याच्या हाताला एखादं काम द्यायचंय. बंदीच्या दिवसांत घरातली मुलं काय काय करतात हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी जरूर सांगा, जाळी विणण्यापलीकडचं काही असेल तर जास्त बरं.